हिरव्या खान्याचा मालक

वाघोलीतल्या आमच्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये बर्फ होत नसे. दर उन्हाळ्यात दुरुस्तीवाला यायचा, फ्रीजच्या मागे डोकं घालायचा, "गॅस गेलाय" म्हणायचा आणि स्वतःही जायचा. त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दहा-बारा माणसं दिवसभर हिमनगांचा विचार करत बसायचो. पृथ्वीच्या पार वरच्या टोकाकडे, गारठलेल्या समुद्रात, एक परदेशी कंपनी जहाज उभं करून तेलासाठी तळाला भोक पाडत होती. ते पाडताना काय काय वाईट होऊ शकेल याची यादी ठेवायचं काम त्यांनी पुण्याला दिलं होतं. वाईट काय होणार हे आधीच सांगण्यात पुणेकरांचा हात कुणी धरणार नाही, एवढी चौकशी त्यांनी नक्की केली असणार.

त्या यादीला आम्ही वही म्हणत असू. प्रत्यक्षात तो संगणकावरचा लांबलचक तक्ता होता. एका ओळीत एक धोका. पुढे शक्यतेचा खाना, त्यात एक ते पाच आकडा. नुकसानीचा खाना, त्यातही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार झाला की ओळ आपोआप लाल, पिवळी किंवा हिरवी व्हायची. मग उपायाचा खाना आणि सगळ्यात शेवटी मालकाचा. धोक्यालाही मालक लागतो. उद्या काही झालं आणि "हे कुणाचं?" असा प्रश्न आला, तर हात वर करायला कुणीतरी हवं.

ही वही सांभाळणं माझं काम. मी राहते धायरीला. धायरी ते वाघोली रोज जाऊन येऊन करणाऱ्या बाईला हिमनगाची वेगळी भीती उरत नाही.

आमच्या सरांना मालकी आवडायची, पण हिरवी. लाल ओळी इतरांच्या नावावर, पिवळ्या बहुतेक माझ्या, आणि ज्यात कधीच काही होणार नाही अशा हिरव्या ओळींपुढे सरांचं नाव. वर्षाच्या शेवटी ते मोठ्या पडद्यावर एक पान दाखवायचे, "माझ्या मालकीचे धोके". ते पान लॉनसारखं दिसायचं. लोक टाळ्या वाजवायचे. सर मान किंचित झुकवून टाळ्या स्वीकारायचे आणि खाली बसताना कोट मागून उचलायचे.

सरांचा समुद्राशी संबंध म्हणजे गेटवेहून एकदा केलेला लाँचचा प्रवास, आणि त्यातही जाताना. येताना ते रस्त्याने आले. तरी पुण्यातल्या निरनिराळ्या मंडळांत त्यांचं "बर्फाळ समुद्रातील जोखीम" या विषयावर भाषण असायचं. शेवटी शाल, नारळ, आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांचं दुसरं भाषण. सरांच्या भाषणातलं पहिलंच चित्र पेंग्विनचं होतं. बर्फाच्या लादीवर ओळीने उभे राहिलेले पेंग्विन.

"साहेब," कप्तान त्यांना पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पक्षी दक्षिणेला असतात. आपण उत्तरेला भोक पाडतोय."

सर हसले. आमच्याकडे वरिष्ठ माणूस असं हसला की खालच्या माणसाने आपली फाइल नीट लावून ठेवावी.

कप्तान म्हणजे आमच्यातला एकटा माणूस ज्याने बर्फ पाहिला होता. त्यांचं घराणं पुण्यातलं जुनं, मंडईच्या मागे तीन पिढ्यांचं दोरखंडाचं दुकान. सुती, काथ्याचा, नायलॉनचा, पाळण्यापासून ट्रकपर्यंत सगळ्याला लागणारा दोर. थोरल्या भावाने दुकान घेतलं, हे समुद्रावर गेले. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी उत्तरेच्या पाण्यात काढली होती. तिथे हिमनग जहाजाच्या वाटेवर आला की दुसरी बोट त्याला लांबलचक दोराचा फास टाकते आणि खेचून बाजूला नेते. "शेवटी काय, धंदा घरचाच केला," असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतर आमच्याकडे सल्लागार म्हणून आले. उंच, पांढरी छाटलेली दाढी, बोलणं कमी. मला ते "बाई" म्हणायचे आणि मी त्यांना "कप्तान".

वही कशी वाचायची हे मी त्यांच्याकडून शिकले. ते म्हणायचे, मोठ्या हिमनगाला घाबरू नका. तो रडारवर दिसतो, चार दिवस आधी कळवून येतो, घरच्या लग्नासारखा. घाबरायचं ते लहान तुकड्याला. "एखाद्या खोलीएवढा असतो, वर दिसतो टेबलाएवढा, बाकी सगळा पाण्याखाली. समुद्र शांत असला तर दिसतो. लाटा उठल्या की रडारला तो लाटच वाटतो. आणि वजन एवढं की जहाजाच्या पोटाला भोक."

"मग काय करायचं?"

"कळत नसेल तर निघायचं. तळाशी जोडलेलं सगळं सोडायचं आणि बाजूला व्हायचं. त्याला तास लागतात, पुन्हा जोडायला दिवस. म्हणून कुणालाच निघायचं नसतं."

त्या वर्षी कंत्राट नवं होणार होतं. मोठी बैठक ठरली. आमच्या कंपनीचे मालक, सर, त्या परदेशी कंपनीचा कंत्राटं पाहणारा एक गोरा माणूस, आणि भिंतीभर पडद्यावर माझी वही. लहान तुकड्यांची ओळ कप्तानांची होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती स्वतः भरली होती, आणि शक्यतेच्या खान्यात आकडा न घालता त्यांनी लिहिलं होतं: माहीत नाही.

तक्त्याला शब्द गुणता येत नाहीत. त्या ओळीचा गुणाकार मोडला, त्यावर आधारलेली बेरीज मोडली, बेरजेवर आधारलेलं पहिलं पान मोडलं, आणि जिथे सरांची हिरवळ दिसायची तिथे खाली वर सगळीकडे एरर, एरर, एरर.

सर अगदी गोड आवाजात म्हणाले, "कप्तान, हे काय आहे?"

"उत्तर आहे, साहेब. लाटा उठल्यावर तुकडा येण्याची शक्यता किती, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. म्हणून तसं लिहिलं."

"माहीत नाही हे तर आमच्या शिपायालाही येतं. त्यासाठी तुम्हाला कशाला ठेवायचं?"

आमचे मालक हसले. मालक हसले म्हणून गोरा हसला, काय झालं ते न कळताच. सर मग माझ्याकडे वळले. "मॅडम, वही तुमची. तुम्ही सांगा, आकडा किती?"

कप्तानांनीही माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर ठाऊक होतं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

"दोन टाकू या, सर," मी म्हणाले.

दोन टाकला. एरर गेल्या. ओळ पिवळी झाली, बैठक पुढे सरकली, चहा आला.

महिनाअखेरीला कप्तान गेले. काढलं म्हणा, गेले म्हणा, दोन्हीला आमच्याकडे एकच फॉर्म आहे. त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यात सरांनी स्वतः एक वाक्य घातलं: "बर्फाळ समुद्रातील जोखमीचे पुरेसे ज्ञान दिसून आले नाही." ज्याने पेंग्विन उत्तरेला बसवले, त्याने हे वाक्य लिहिलं. कप्तानांना एका नाविक प्रशिक्षण संस्थेत शिकवायला बोलावणं आलं होतं. नव्या मुलांना बर्फातलं काम शिकवायचं, त्यांच्या मनातलं काम. संस्थेने शेवटच्या नोकरीचा दाखला मागितला, वाचला आणि कळवतो म्हणून सांगितलं. अजून कळवताहेत.

मी एकदा दुकानात गेले. कप्तान गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून एका बाईला पाळण्याचा दोर मोजून देत होते. मी माफी मागायला गेले होते. मागितली नाही. कपडे वाळत घालायची दोरी घेतली, जी मला नको होती.

धायरीच्या चौकात सिग्नलला उभी असताना मी ठरवलं. आकडा न सांगण्याबद्दल ज्याने त्यांना घालवलं, त्याच्या तोंडून मला 'माहीत नाही' हे दोन शब्द काढायचे होते. सगळ्यांसमोर, आणि शक्य तर थंडीत. आणि ते दाखल्यातलं वाक्य त्याच्याच हाताने खोडून हवं होतं. मी रागीट बाई नाही. माझा राग हळू चढतो आणि उतरायला जागा लागते.

पहिल्या मोसमात त्या समुद्रात काही झालं नाही. सर म्हणाले, "पाहा, मॅडम, दोनसुद्धा जास्तच होता." पुढच्या मोसमाची वही तयार करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "ती पिवळी ओळ डोळ्यांना खुपते. हिरवी करता येईल का?"

"येईल, सर. उपाय भक्कम लिहिला की आकडा खाली येतो."

"मग लिहा की. आणि हिरवी झाली की माझ्या नावावर घ्या. कप्तानांच्या जागी कुणीतरी हवंच."

मी उपाय लिहिला. नीट, तीन दिवस खपून. कप्तान सांगायचे ते सगळं त्यात होतं: लाटा उठल्या की जादा पहारा, दुर्बीण, वेग कमी, शंका आली तर जहाज सोडवून बाजूला. आणि शेवटी एक वाक्य माझं: "या धोक्याचा मालक मोसमाचा पहिला महिना स्वतः जहाजावर हजर राहील आणि रडार निरुपयोगी झाल्यास थांबायचे की निघायचे हे ठरवेल." एवढा उपाय असल्यावर शक्यतेचा आकडा एक. एकामुळे ओळ हिरवी झाली.

सरांसमोर कागद ठेवला. "सर, एकदा वाचून घ्या."

"हिरवी झाली ना?"

"झाली. पण उपाय जरा वाचून घ्या."

"तुम्ही लिहिलंय ना, मग झालं." त्यांनी शाईचं पेन काढलं.

"सर, शेवटची ओळ तरी."

"मॅडम, तुमचा हा घोळ कधी संपणार?" आणि सही. मधल्या अक्षराला त्यांची एक वेलांटी होती, ती काढायला सहीपेक्षा जास्त वेळ लागायचा. मी तीनदा वाचा म्हटलं होतं. मनात हिशेब पक्का होता: आमच्याकडे सही हा समारंभ असतो. तिकडची माणसं मात्र खाली काय लिहिलंय ते वाचतात.

तिकडे आता नव्या सुरक्षा प्रमुख बाई आल्या होत्या. त्यांनी सगळी वही वाचली, असं नंतर कळलं. पंधरवड्यात त्यांचं दोन ओळींचं पत्र सरांना आलं. पहिल्या ओळीत त्यांच्या निर्णयाचं कौतुक होतं. दुसऱ्या ओळीत विचारलं होतं, बर्फाच्या पाण्यात घालायचा सूट पाठवायचा आहे, आपल्या बुटाचा नंबर काय.

सर पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हे काय आहे?"

"आठ असेल ना, सर? का नऊ?"

"मी तिथे कशाला जाऊ?"

मी वही उघडून दाखवली. त्यांनी पहिल्यांदाच ती ओळ वाचली, ओठ हलवत. मग म्हणाले, "हा नुसता मजकूर आहे, मॅडम. सहीचा अर्थ तसा नसतो." तसं त्यांनी तिकडे लिहिलंही, जरा भारदस्त भाषेत. पाठीचं दुखणंही जोडलं. बाईंचं उत्तर एका ओळीत आलं: मालक येणार नसेल तर ही ओळ हिरवी नाही, आणि ही ओळ हिरवी नसेल तर काम सुरू होणार नाही.

आमच्या मालकांनी सरांना आत बोलावलं. आत काय बोलणं झालं कळलं नाही. बाहेर आले तेव्हा कोटाचं बटण चुकीच्या काजात होतं.

जाण्याआधी त्यांना मुंबईजवळ एक प्रशिक्षण घ्यावं लागलं. त्यात हेलिकॉप्टरसारख्या डब्यात माणसाला पट्ट्याने बांधतात, डबा तलावात सोडतात, पाण्यात उलटा करतात, आणि माणसाने पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. सर परतले तेव्हा मिशीचा कलप अर्धा उतरला होता. "मी अगदी शांत होतो," असं त्यांनी न विचारता चार जणांना सांगितलं. मी ती बातमी जेवणाच्या डब्याबरोबर दोन दिवस पुरवून खाल्ली.

निरोप समारंभही झाला. शाल, नारळ, आमच्या मालकांचं भाषण. "आपला माणूस थेट बर्फात" वगैरे. सर हसत होते, पण नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

सर गेले. मी रोज सकाळी त्या समुद्राचा हवामान अहवाल उघडायची. आधी कधी कामाशिवाय उघडला नव्हता. लाटांची उंची वाढली की मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला फोन आला. तिकडे सकाळ होती. सरांचा आवाज, आणि मागे काहीतरी सतत घासल्यासारखा वारा.

"मॅडम, वही उघडा."

"उघडीच आहे, सर."

"समुद्र फार उठलाय. धुकंही आहे. रडारवर नुसतं पांढरं. रात्री एका बोटीला दोन तुकडे दिसले होते, आता कुठे आहेत कळत नाही. इथला कॅप्टन मला विचारतोय, थांबायचं की सोडवायचं. सगळे माझ्याकडे बघतायत."

"तुमचीच ओळ आहे, सर."

"ते ठाऊक आहे मला. आकडा सांगा. शक्यता किती धरायची? दोन? तीन?"

इतके महिने मी याच क्षणाची वाट पाहिली होती. पलीकडे ज्या माणसाने कप्तानांना शिपायाच्या ओळीत बसवलं, तो माझ्याकडे आकडा मागत होता. मी सावकाश चहाचा घोट घेतला. तो थंड झाला होता, तरी घेतला.

"मॅडम, ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"दोन म्हणू का? गेल्या वर्षी दोनच होतं."

तेव्हा मागून एक आवाज आला, त्यांच्या भाषेत काहीतरी विचारणारा. तरुण असावा, आणि प्रश्न अगदी साधा होता हे आवाजावरून कळत होतं. मी वाट पाहत होते सरांची. तिथे इतकी माणसं उभी होती, आणि मी त्यांना "दोन" म्हणू देणार होते का?

"नाही, सर," मी घाईने म्हणाले. "दोन म्हणू नका. त्यांना सांगा, माहीत नाही."

"काय?"

"माहीत नाही. एवढंच. कप्तानांनी लिहिलं होतं तसं. त्यापुढचं वहीत लिहिलंय, माहीत नसेल तर जहाज सोडवायचं. फक्त तुमच्या तोंडून आलं पाहिजे, मालक तुम्ही."

फोन तोंडापासून लांब गेला आणि मी सरांचा आवाज ऐकला, जरा चिरका, पण स्पष्ट: "आय डोन्ट नो." मग कुणीतरी कुणालातरी मोठ्याने हुकूम दिला आणि फोन बंद झाला.

जहाज सोडवलं, बाजूला गेलं. दोन दिवस धुकं होतं. ते तुकडे त्या जागेवरून गेले की नाही, कुणी पाहिलं नाही. गेले असतील, नसतील. वहीत त्या दिवसापुढे मी तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी थेट मंडईत गेले. कप्तान दुकानात होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: सही, बूट, तलाव, फोन. दोन शब्द कसे निघाले तेही. मला वाटत होतं ते हसतील. ते हाताने दोराचं वेटोळं घालत होते, ते थांबवलं नाही.

"जहाजावर माणसं किती होती?"

मी आकडा सांगितला. तो मला पाठ होता, वहीच्या पहिल्या पानावर असतो.

"आणि तो फोन न करता 'दोन' म्हणाला असता तर?"

"पण त्याने केला ना, कप्तान."

"केला. नसता केला तर?" त्यांनी वेटोळं खुंटीला लावलं. "बाई, सूड घ्यायचा होता तर गाडीची हवा सोडायची. पुण्यात काय कमी जागा आहेत? त्याच्यासाठी एवढी माणसं बर्फात कशाला उभी केलीत?"

"तुमच्यासाठी केलं मी."

"मला विचारलं होतंत?"

याचंही उत्तर मला ठाऊक होतं. त्या बैठकीतही होतं. फरक एवढाच की या वेळी समोरून हसायला कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "चहा घ्या." चहा आला. मग म्हणाले, "त्या ओळीत माझं वाक्य घातलंत, ते मात्र बरं केलंत. कामाला आलं." एवढंच. माफी मी तेव्हा मागितली. "ठीक आहे," म्हणाले ते, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्यावर मी सगळ्यात आधी तक्त्याचं सूत्र बदलून घेतलं. आता कुणी शक्यतेच्या खान्यात "माहीत नाही" लिहिलं तर तक्ता मोडत नाही. तो पाच धरतो. ती ओळ लाल आहे आणि लालच राहील. तिकडच्या बाईंना मी हे कळवलं. त्यांनी मान्य केलं, ओळ लाल असली तरी काम सुरू होऊ द्यायचं ठरवलं, पण मालकाने पहिला महिना जहाजावर राहायची अट कायम ठेवली. अट चांगली आहे असं त्यांचं मत पडलं. आणि मालकही चांगला आहे.

कारण तिकडे सर हिरो झाले होते. इतकी वर्षं पुण्याहून आकडे यायचे, प्रथमच एक खरं उत्तर आलं, असं बाईंनी आमच्या मालकांना लिहिलं. सर परतले, दहा दिवसांत सावरले, आणि पुढच्या महिन्यात एका मंडळात त्यांचं भाषण झालं. विषय: "मला माहीत नाही म्हणण्याचं धैर्य". पेंग्विन गेले होते. त्यांच्या जागी केशरी सूटमधले सर. मी शेवटच्या रांगेत बसून आभाराचं भाषणही ऐकलं. शाल तिथेही होती. त्या दिवशी मला समजलं की या माणसाला शिक्षा करायची तर तिचा सत्कार होऊ शकणार नाही अशी काहीतरी हवी, आणि तशी जगात बहुतेक नाही.

पण एक होती. पुढच्या मोसमाची वही आली. सर आता प्रत्येक ओळ वाचत होते, बोट ठेवून. त्या लाल ओळीपाशी बोट थांबलं.

"मॅडम, इथे मालक कुणी दुसरा नाही का होऊ शकत?"

"होऊ शकतो, सर. ज्याने बर्फ पाहिलाय असा कुणीही. तिकडच्या बाईंची आता तीच अट आहे."

"म्हणजे मी आणि..."

"आणि कप्तान. पण त्यांच्या दाखल्यावर तुम्ही लिहिलंय की त्यांना या विषयाचं पुरेसं ज्ञान नाही. बाई दाखला मागणार."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की मला कळतंय. आम्ही दोघंही पुण्याचे, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. त्यांनी नवा दाखला स्वतः सांगितला, मी टंकून घेतला. "बर्फाळ समुद्रातील जोखमीचे सखोल आणि दुर्मिळ ज्ञान. पूर्वीच्या दाखल्यातील मजकूर चुकीचा होता." चुकीचा हा शब्द मी त्यांना सुचवला नाही. फक्त तो येईपर्यंत टंकणं थांबवून ठेवलं होतं.

सही झाली, वेलांटीसकट. दाखला मी मंडईत नेऊन दिला. कप्तानांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी न घालता पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवला. म्हणाले, उद्या संस्थेत नेऊन देतो. मग मी निरोप सांगितला की सर त्यांना परत बोलावताहेत, जहाजावर.

"नाही बुवा," ते म्हणाले. "मला मुलांना शिकवायचंय. थंडी झाली तेवढी पुरे."

ते नाही म्हणणार, हे मला दाखला टंकतानाच माहीत होतं. शक्यतेच्या खान्यात खात्रीने घालता येईल असा एवढा एकच आकडा माझ्याकडे होता: पाच.

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. "काय म्हणाले कप्तान?"

"नाही म्हणाले, सर."

"मग आता?"

मी मालकाचा खाना उघडला, त्यांचं नाव घातलं आणि तिकडे पाठवायचा फॉर्म समोर घेतला.

"बुटाचा नंबर तोच ना, सर?"